पेडल कव्हर पुन्हा पुन्हा सैल होतंय? आधी नटावर रेघ मारा

चकचकीत ॲल्युमिनियमची पेडलं, म्हणजे मूळ पेडलांवर बसणारी कव्हरं, बसवून महिना उलटतो न उलटतो तोच ब्रेकवर पाय ठेवताना ‘टक’ असा बारीक आवाज येऊ लागतो. वाकून हाताने चाचपलं तर कव्हर किंचित फिरतंय. एलन कीने (सहा कोनी टोकाच्या चावीने) आवळलं की चार दिवस शांतता, मग पुन्हा टक. तक्रार जुनीच आहे, आणि तिच्यावरचा नेहमीचा उपाय, म्हणजे आणखी जोर लावून आवळणं, बहुतेक वेळा चुकीचा असतो.

उदाहरण माझदा एमएक्स-५ चं घेतोय. ब्रिटनमधल्या आमच्या ओळखीतल्या मराठी गाडीवेड्यांपैकी बऱ्याच जणांची पहिली स्पोर्ट्स कार हीच असते: १९८९ पासून चालत आलेली, दोन माणसांची, मागची चाकं फिरवणारी, आणि जुनी घेतली तर खिशाला झेपणारी. पोलो, स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीला असली पेडलं लावणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. स्टिअरिंग ब्रिटन आणि भारत दोन्ही देशांत उजवीकडेच आहे आणि हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

सैल म्हणजे नेमकं काय सैल?

गाडी बंद, हातात टॉर्च, पाय दाराबाहेर आणि डोकं आत. एमएक्स-५ मध्ये हे आसन करायला जागा कमी आहे, पण इलाज नाही. एका हाताने पेडलचा दांडा घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने कव्हर आडवं-उभं हलवून बघा. दांडा स्थिर आणि कव्हर हलतंय, तर दोष बसवणीत आहे. कव्हरसकट दांडाच डावी-उजवीकडे डुलत असेल, तर वरच्या पिनवरचे बुश, म्हणजे पिनभोवतीच्या छोट्या कड्या, झिजलेत. अशा गाडीला कितीही महाग पेडलं लावा, टक-टक जाणार नाही. जुन्या गाड्यांत हे बऱ्याचदा आधी क्लचच्या पेडलला होतं, कारण शहरात सगळ्यात जास्त वेळा दाबलं जातं तेच. आधी बुश बदला, मग पुढचं वाचा.

तिसरी शक्यता सर्रास दिसते ती अशी: कंपनीचं मूळ रबर तसंच ठेवून त्याच्यावर धातूचं कव्हर चढवलेलं असतं. कव्हर रबराला घट्ट धरून असतं, पण रबरच खालच्या लोखंडी प्लेटवर सरकत असतं.

आता रेघ. नट, बोल्टचं टोक आणि पत्रा या तिघांवरून जाईल अशी एक सरळ रेघ पेंट मार्करने ओढा. व्यवस्थित आवळून ओढा आणि गाडी नेहमीसारखी चालवा. पुन्हा आवाज येऊ लागला की एलन कीला हात लावण्याआधी रेघ बघा. नट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसेल. रेघ जशीच्या तशी आणि तरीही कव्हर हलतंय, तर नट निर्दोष आहे. त्याच्याखालचं काहीतरी दबलंय. दोन्ही दोष पायाला सारखेच जाणवतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. न बघता आवळत बसलेल्या माणसाला आपण कोणत्या रोगावर औषध देतोय हेच माहीत नसतं.

रेघ अखंड, तरी सैल

बोल्ट आवळतो तेव्हा तो अगदी किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळेच दोन पत्रे एकमेकांवर दाबून राहतात. पेडलच्या बाबतीत पंचाईत अशी की कव्हर तीन-चार मिलिमीटरचं आणि खालची प्लेटही तेवढीच. एवढ्या आखूड बोल्टला ताणायला लांबीच नाही. मधल्या थरांपैकी कुठलाही थर केसाच्या जाडीइतका जरी दबून बसला तरी सगळा ताण गेला. मधे रबर असेल तर तो बसणारच, कारण सतत दाबाखाली ठेवलेलं रबर हळूहळू चपटं होतं आणि पूर्ववत येत नाही. जाड रंगाचा थर, दोन बाजूंनी चिकटणारी फोमची टेप, प्लॅस्टिकचा वॉशर, सगळ्यांचं हेच. आवळलं की पुन्हा बसतं, पुन्हा आवळलं की पुन्हा बसतं, आणि शेवटी कव्हर वाकतं किंवा ॲल्युमिनियममधले आटे जातात.

म्हणून बोल्टच्या वाटेत रबर नको. रबर काढून धातूवर धातू बसवायचा. प्लेटवरचा फुगलेला रंग आणि गंज कानसेने किंवा पॉलिश पेपरने साफ करून बसायची जागा सपाट करायची. प्लेट जराशी गोलाईची आणि कव्हर सपाट असेल तर कव्हर दोन कडांवरच टेकतं आणि मधे पोकळी राहते. अशा वेळी बोल्ट आवळून कव्हर वाकवत बसू नका, त्या गोलाईचं दुसरं कव्हर शोधा. डिझाइनमुळे रबर ठेवावंच लागत असेल, तर बोल्टभोवती रबराच्या जाडीइतकी धातूची नळी घाला, म्हणजे आवळण्याचा जोर नळी घेईल आणि रबर फक्त गादीचं काम करेल.

रेघ तुटली

इथे नट खरोखर फिरतोय. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवी घसरण नट जास्त लवकर सोडवते. दोन पत्रे एकमेकांवर आडवे सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरवतं आणि नट थोडा थोडा उलटा फिरतो. ब्रेक सरळ दाबणाऱ्याच्या गाडीत हे कमी होतं. पाय ब्रेकवर ठेवून तळवा उजवीकडे ॲक्सिलरेटरवर वळवणाऱ्याच्या गाडीत प्रत्येक वळणाआधी कव्हरला आडवा धक्का बसतो. स्पोर्ट्स कारवाल्यांची कव्हरं साध्या गाडीपेक्षा लवकर का सुटतात, त्यातलं एक कारण हे.

गॅरेजवाले अशा वेळी स्प्रिंग वायसर टाकून देतात. आडव्या घसरणीपुढे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. नायलॉनची कडी असलेला लॉकनट वापरा आणि तो प्रत्येक वेळी नवा घ्या. एकदा काढलेल्या नटाची नायलॉनची पकड ढिली झालेली असते. बोल्टचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर नायलॉनने पकडायला काही नसतं. मागे नटाला जागा नसेल आणि बोल्ट थेट आट्यांच्या भोकात जात असेल, तर मध्यम ताकदीचं, साधारणतः निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारं रसायन) लावा. तेल पूर्ण पुसून लावा आणि रात्रभर गाडी हलवू नका. हे रसायन हवेअभावी आणि धातूच्या संपर्काने घट्ट होतं, आणि स्टेनलेसवर त्याला जास्त वेळ लागतो. प्लॅस्टिकवर ते सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

एम-५ स्टेनलेस बोल्टला ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या एलन कीने मनगटाच्या जोरावर. लांब पाना घेऊन खांदा लावायचं हे काम नाही. आठवडाभर चालवल्यावर एकदा रेघ तपासा. ती जागेवर असेल तर विषय मिटला.

अजून एक गोष्ट, इथल्या म्हणजे ब्रिटनमधल्या हवेमुळे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते बुटांना चिकटून गाडीत येतं. ओलं मीठ, ॲल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि भोकं मोठी होतात. कोकणात किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनाही हा अनुभव असेल. भोकांच्या कडांना रंग लावा आणि वसंत ऋतूत एकदा सगळं उघडून पुसा.

विकत घेताना

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला, मूळ रबराच्या कडांना हुकांनी किंवा बारीक स्क्रूंनी चिमटा काढून बसणारा, ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो की इथल्या ऑनलाइन दुकानात, किंमत अगदी कमी. ब्रेकच्या पेडलवर हा प्रकार लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची पकड रबरावर, रबराची पकड प्लेटवर, आणि इमर्जन्सी ब्रेक मारताना पाय सरळ पडेलच याची खात्री नाही.

दुसरा, प्लेटला भोकं पाडून बोल्टने बसणारा. नीट बसवला तर सर्वांत भक्कम. पण ब्रेकच्या प्लेटला भोकं पाडायची तर दांड्याच्या वेल्डिंगपासून लांब, आणि पडणारा लोखंडी कीस चुंबकाने नि व्हॅक्यूमने पूर्ण उचलायचा. खाली वायरिंगचे कनेक्टर असतात.

तिसरा, रबराच्याच आकाराचा, मागे पाळी (आत वळलेली कड) असलेला आणि पुढे धातूचा पत्रा बसवलेला. मूळ रबर काढून हा ओढून चढवायचा. गाडी कंपन्यांच्या स्वतःच्या ॲक्सेसरीच्या यादीत बहुधा हाच असतो. ज्याला रोज गाडी चालवायची आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकवर जायचं आहे, त्याने निमूट हा घ्यावा. सगळ्या सैलपणाच्या भानगडी इथेच संपतात. चढवताना रबर गरम पाण्यात बुडवून मऊ करा, आत साबणाचं पाणी लावा. सिलिकॉन स्प्रे किंवा ग्रीस कदापि नको. साबणाचं पाणी वाळून जातं, ग्रीस राहतं आणि कव्हर कायमचं घसरत राहतं. पाळी चारही बाजूंनी प्लेटच्या मागे गेली आहे का हे बोट फिरवून बघा. वरचा कोपरा दिसत नाही आणि तोच राहून जातो.

आता उजव्या स्टिअरिंगचा मुद्दा. बरेच संच डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बनतात. पेडलांचा क्रम दोन्हीकडे एकच असला, तरी आजूबाजूच्या भिंती बदलतात. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ॲक्सिलरेटरच्या उजवीकडे गिअरबॉक्सचा उंचवटा असतो. आपल्याकडे तिथे गाडीची बाहेरची बाजू, आणि उंचवटा डाव्या पायाशी. त्यामुळे डाव्या पायाच्या विसाव्याची प्लेट बऱ्याचदा बसतच नाही आणि रुंद केलेला ॲक्सिलरेटर कुठे घासेल ते जाहिरातीतल्या फोटोवरून कळत नाही. विक्रेत्याला उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसवलेल्या संचाचा फोटो मागा. तो नसेल तर पुढचा विक्रेता बघा.

ॲक्सिलरेटर: इथे गंमत नको

२८ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस ईएस ३५० चा ॲक्सिलरेटर दाबलेल्या अवस्थेतच अडकला आणि अपघातात गाडीतले चौघेही गेले. गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट होती आणि पेडल तिच्यात अडकलं होतं. त्यानंतर साधारण महिन्याभराने, लेक्सस ज्यांची आहे त्या टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. पेडल लांबायला नको हे ओळखून त्यांनी ॲक्सिलरेटरचा आकारच बदलला, म्हणजे खालची बाजू कापून आखूड केली. बाजारातले ‘एक्स्टेंडेड’ ॲक्सिलरेटर नेमकं उलट करतात: तीच खालची कड लांबवतात आणि मॅटच्या जवळ नेतात.

त्यामुळे कव्हर बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा, सोडा, तो स्वतःहून झटकन वर येतो का बघा. मॅट मुद्दाम पुढे सरकवून पुन्हा दाबा. मॅट तिच्या खुंट्यांना अडकवलेली हवी आणि मॅटवर मॅट कधीच नको. पावसाळ्यात वर आणखी एक रबरी मॅट टाकायची सवय अनेकांना आहे. असली पेडलं लावली असतील तर ती सोडा. बोल्टची मागे आलेली टोकं कशाला लागतात का, हेही याच वेळी बघा.

दाबल्यावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडतो का, हा दुसरा प्रश्न. पहिल्या पिढीच्या एनए गाडीत थ्रॉटल वायरीने ओढला जातो. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटलची चकती पूर्ण फिरते का ते बघायचं. जाड कव्हर आधीच फ्लोअरला टेकत असेल तर शेवटची थोडी ताकद हरवते आणि माणूस महिनोन्‌महिने इंजिनला दोष देत बसतो. २०१५ नंतरच्या एनडी गाडीत पेडल फ्लोअरला बिजागरी असलेलं आणि इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) लावून पेडलची टक्केवारी वाचा. बसवण्यापूर्वी आणि नंतर सर्वांत मोठा आकडा सारखाच यायला हवा. या प्लॅस्टिकच्या पेडलला भोकं पाडू नका. तडा गेला तर सेन्सरसकट सगळं युनिट बदलावं लागतं, आणि चालत्या गाडीत तडा गेला तर खर्चाची चिंता सगळ्यात शेवटची असेल.

‘पेडलं बदलली, तरी हील-टो जमत नाही’

हा खरा प्रश्न, आणि बहुतेकांनी पेडलं घेतलेली असतात ती यासाठीच. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबलेला असतानाच पायाची उजवी कड ॲक्सिलरेटरवर टेकवून क्षणभर आरपीएम चढवायचे, म्हणजे खालचा गिअर झटका न देता पडतो. त्यासाठी दोन अंतरं जुळावी लागतात: दोन पेडलांमधलं आडवं अंतर आणि त्यांच्या उंचीतला फरक.

आता जरा विचार करा. ब्रेकवर पाच मिलिमीटरचं कव्हर चढवलं आणि ॲक्सिलरेटरवरही पाच मिलिमीटरचं, तर उंचीतला फरक किती बदलला? काहीच नाही. पूर्ण संच बसवून ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित इथे अडलेलं असतं. उलट ब्रेकचं जाड रबर काढून पातळ पत्रा बसवला तर ब्रेक खाली येतो, म्हणजे ॲक्सिलरेटरला हात न लावताही फरक कमी होतो.

मोजायचं तर ब्रेक दाबलेल्या अवस्थेत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू, कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरशिवाय पेडल जिथे थांबतं ती उंची खोटी. जोरात ब्रेक मारताना दाबता तेवढा दाबून धरा आणि बाजूच्या माणसाला ब्रेकच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून ती ॲक्सिलरेटरच्या वर आणायला सांगा. पट्टीपासून ॲक्सिलरेटर किती खाली आहे तेवढाच आकडा महत्त्वाचा. माझ्या पायाला १० ते १५ मिलिमीटर पटतात. तुमचा बूट, पायाचा आकार आणि सीट वेगळी, तर तुमचा आकडाही वेगळा येईल.

ॲक्सिलरेटर दाबलेल्या ब्रेकच्या बरोबरीने किंवा वर आणू नका. शहरात हलका ब्रेक मारताना ब्रेकचं पेडल उंचच राहतं, म्हणून तिथे ॲक्सिलरेटर लांब वाटतो आणि माणूस त्याखाली स्पेसर (उंची वाढवणारे तुकडे) घालत सुटतो. मग ट्रॅकवर पूर्ण ब्रेक मारला की तोच पाय दोन्ही पेडलं दाबतो. त्यात ब्रेक ऑइल जुनं आणि ओलावा शोषलेलं असेल, ते तापून उकळलं, तर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जातं. बरोबर त्याच क्षणी तुमचा बूट ॲक्सिलरेटरवर असतो. उंची ठरवताना या वाईट दिवसाचा हिशेब करा, आणि स्पेसरच्या आधी ब्रेक ऑइल बदला.

काही गाड्यांत दोन्ही पेडलं एकदम दाबली की इलेक्ट्रॉनिक्स थ्रॉटल कापतं. तिथे ब्रेक धरून ॲक्सिलरेटरला टिचकी मारली तरी आरपीएम चढत नाहीत आणि दोष पेडलला जातो. पुण्याहून मावसभावाचा फोन आला तेव्हाही मी त्याला हेच आधी विचारलं: कंपनीच्या मूळ पेडलांवर, रिकाम्या जागेत, ब्रेक धरून टिचकी मारली तर काटा हलतो का? नसेल हलत, तर पैसे वाचव.

ब्रेकचे दिवे विझत नाहीत

मूळ रबर खेचून काढताना पेडल जोरात वर ओढलं जातं आणि दिव्यांचा स्विच जागेवरून सरकतो. जुन्या गाड्यांत तो लॉकनटने मागे-पुढे करता येतो. नव्यात बऱ्याचदा स्वतः जुळणारा असतो आणि काढून नीट परत बसवावा लागतो. कव्हरची कड मॅटला किंवा शेजारच्या पेडलला टेकून ब्रेक पूर्ण वर येत नसेल तरी हेच होतं. क्रूझ कंट्रोल अचानक लागेनासा झाला तर आधी मागे जाऊन दिवे बघा. याच्या उलट, दिवे उशिरा लागत असतील तर ते आणखी धोक्याचं, कारण मागच्याला कळतच नाही.

पाय घसरतो

गुळगुळीत ॲनोडाइझ केलेला पत्रा ओल्या तळव्याखाली साबण होतो. उठावदार रबरी बटणं असलेलं कव्हर घ्या आणि बटणं ओढून बघा. नुसती दाबून बसवलेली असतील तर ती एकेक करून गळतात. स्केटबोर्डची खरखरीत टेप हा बरा तात्पुरता उपाय आहे, पण ब्रेकवर ती मधोमध झिजते आणि कडा उठतात. धारदार भोकांची जाळी दिसायला छान, फक्त बुटांचे तळवे खाते आणि अनवाणी किंवा चपलेने चालवणाऱ्याच्या पायाचीही गय करत नाही.

ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत ब्रेकच्या पेडलवरची घसरणविरोधी पकड बघतात. ती नसेल, सैल असेल किंवा झिजून गुळगुळीत झाली असेल तर गाडी नापास होऊ शकते. म्हणजे सुरुवातीची ती टक-टक नुसती कटकट नाही. विमा कंपनीलाही हा बदल कळवा. प्रीमियम वाढो न वाढो, क्लेमच्या वेळी ‘सांगितलं नव्हतं’ हे ऐकण्यापेक्षा एक ईमेल स्वस्त. मूळ रबरं फेकू नका. एमओटीच्या आदल्या दिवशी कव्हरचा एखादा बोल्ट तुटला तर तीच चढवून गाडी नेता येते.